जुन्या एमएक्स-५ चे मागचे कॅलिपर: वापरलेले घ्यावेत की रिबिल्ट?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझी १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.८ लिटरची. मागचा डावा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम झालाय. हँडब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो आणि थोडं फिरून आलं की ते चाक चांगलंच तापलेलं असतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन काढून साफ केल्या, ग्रीस लावलं, फरक शून्य. म्हणजे पिस्टन नाहीतर हँडब्रेकची यंत्रणा, जी या गाडीत कॅलिपरच्या आतच असते.

भंगारातल्या गाडीची जोडी मिळतेय. पण रबरी सील तितकेच जुने असणार, आणि बुटाखाली (पिस्टनवरच्या रबरी आवरणाखाली) पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर नवा सीलही टिकत नाही. पिस्टन बाहेर काढल्याशिवाय हे ओळखायची काही युक्ती आहे का?

रिबिल्ट (जुनेच उघडून दुरुस्त करून विकलेले) घेतले तर जुने कॅलिपर परत द्यावे लागतात. माझे मूळचे आहेत, सोडवत नाहीत. शिवाय रिबिल्ट करणारे हँडब्रेकच्या शाफ्टचा सील आणि आतला अॅडजस्टर खरंच बदलतात, की नुसते पिस्टन सील? तुमचा अनुभव सांगा. माझेच कॅलिपर सील किट आणून घरी उघडावेत का? ब्रेकचा मामला आहे, म्हणून हात लावण्याआधी विचारतोय.