वेस्ट विंगमधल्या निवडणुका दोन वर्षं सरकलेल्या का?

निवांत_वाचक
'द वेस्ट विंग' ही व्हाइट हाउसवरची अमेरिकन मालिका पहिल्यांदाच बघतेय, चौथ्या सीझनच्या मध्यावर आलेय. एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. त्यातला अध्यक्ष बार्टलेट १९९८ ला निवडून येतो आणि परत २००२ ला. पण अमेरिकेत १९९६, २०००, २००४ असं असतं ना? चूक आहे की मुद्दाम केलंय? आणि पहिल्या सीझनमधली मँडी कुठे गेली, माझा एखादा एपिसोड सुटला का?

चहा_साखर_कमी
नाही सुटला. दुसऱ्या सीझनपासून मँडी नाहीच आणि कोणी तिचं नावही काढत नाही, राजीनामा दिला एवढं एक वाक्य टाकलं असतं तरी चाललं असतं. वर्षांचं म्हणशील तर फॅन लोक म्हणतात की त्या जगात अध्यक्ष निक्सननी राजीनामा दिल्यावर १९७४ ला नवीन निवडणूक झाली, तिथून चार-चार वर्षं मोजली की बरोबर १९९८ येतं. मला तरी पटतं.

मागच्या_बाकावरून
मला नाही पटत. उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यूनी राजीनामा दिल्यावर डिसेंबर १९७३ मध्ये फोर्ड त्या जागी आलेले होते, त्यामुळे ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन गेले तेव्हा खुर्ची एक दिवसही रिकामी राहिली नाही. समजा दोघंही नसते, तरी १९४७ च्या कायद्याने प्रतिनिधीगृहाचा स्पीकर उरलेली मुदत पूर्ण करतो. तिकडे अध्यक्षाची पोटनिवडणूक हा प्रकारच नाही. आपल्याला हे चटकन खटकत नाही कारण आपल्याकडे खरंच तसं होतं, राष्ट्रपती झाकीर हुसेन मे १९६९ मध्ये वारले आणि ऑगस्टमध्ये गिरी निवडून आले ते पूर्ण पाच वर्षांसाठी, म्हणजे १९७२ ची निवडणूक सरकली १९७४ वर. फक्रुद्दीन अली अहमद गेल्यावर १९७७ ला परत तेच. तेच गणित आपण नकळत अमेरिकेला लावतो. पण एक आहे, शोने स्वतःचं वेळापत्रक सुरुवातीला नीट पाळलंय, दुसऱ्या सीझनमधल्या मिडटर्म (अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुका) बरोबर २००० ला येतात.

रात्रपाळी
स्पॉयलर आहे, चौथा सीझन संपल्यावरच वाच.
सुरुवातीला पाळलं, नंतर नाही. मला जास्त त्रास त्याचाच होतो. सहाव्या सीझनमध्ये, म्हणजे २००५ च्या सुरुवातीलाच आयोवा आणि न्यू हॅम्पशायरचा प्रचार दाखवलाय, पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान याच राज्यांत सगळ्यात आधी व्हायचं. २००२ नंतरची निवडणूक नोव्हेंबर २००६ ला असेल तर हे सगळं जानेवारी २००६ च्या आसपास यायला हवं, मग मधलं एक अख्खं वर्ष गेलं कुठे? याच शोने चौथ्याच्या शेवटी बार्टलेट तात्पुरता बाजूला होतो आणि उपाध्यक्ष नसतो तेव्हा स्पीकर वॉकनला आधी स्पीकरपद आणि खासदारकी दोन्ही सोडायला लावली होती, कायद्यात आहे तसंच. एवढं बारीक बघणाऱ्यांनी कॅलेंडर बघू नये याचं खरंच वाईट वाटतं.

निवांत_वाचक
स्पॉयलर वाचला नाही, थांबवलं स्वतःला. गिरींचं माहीतच नव्हतं, मी खरंच आपल्याच हिशोबाने बघत होते. सीझन संपवून परत येते.