५ फुटी टबमध्ये पाणी कुठून सोडावं? सल्ला हवा

नवी_फरशी
पुण्यातला फ्लॅट, सातवा म्हणजे शेवटचा मजला. बाथरूम ८ बाय साडेपाच फूट. साडेपाच फुटांच्या भिंतीला लागून ५ फुटी ॲक्रिलिक टब (१५०० × ७०० मिमी) बसवायचा आहे. जुन्या टाइल निघाल्या आहेत, पाइपसाठी भिंतीत चॅनेल (खाचा) अजून मारलेले नाहीत. गीझर २५ लिटरचा. गच्चीवरच्या टाकीचा तळ नळापासून साधारण साडेतीन मीटर वर. पर्याय तीन: जमिनीतून उभा राहणारा फिलर (टब भरायची तोटी), भिंतीतला स्पाउट (भिंतीतून बाहेर येणारी तोटी), किंवा ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या भोकातूनच टब भरणारा प्रकार. घरच्यांचा कल पहिल्याकडे. प्लंबर म्हणतो, "जे आणाल ते लावतो." काय घ्यावं?

ओळंबा
शोरूममध्ये जायच्या आधी एक बादली घ्या. १५ लिटरची बादली आत्ताच्या मिक्सरखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि किती सेकंदांत भरते ते बघा.

पाण्याचं प्रेशर दर १० मीटर उंचीला १ बार, म्हणजे तुमच्याकडे ०.३५ बार. कॅटलॉगमधले "मिनिटाला २० लिटर" हे आकडे बहुतेक ३ बारवरचे असतात. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे तुमच्या घरी त्या २० चे जेमतेम ७ होतील. ५ फुटी टबमध्ये माणूस बसणार हे धरून १२० लिटर सोडावे लागतात. १२० भागिले ७, म्हणजे १७ मिनिटं. हे गणित आधी, तोटीचं रूप नंतर.

नळदमयंती
आणि गरम पाण्याचं काय? हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

गीझरमध्ये ६० अंश, नळाला हिवाळ्यात २० अंश, टबमध्ये हवं ४० अंश. निम्मं गरम, निम्मं गार. १२० लिटरच्या टबला ६० लिटर गरम पाणी लागणार आणि तुमच्याकडे आहे २५. त्यातही गरम बाहेर पडतं तसं गार आत शिरून मिसळतं, म्हणून पूर्ण २५ धरूच नका. २ किलोवॅटची कॉइल २५ लिटर पुन्हा तापवायला अर्धा तास घेते, तोवर टबमधलं पाणी निवलेलं असतं. फिलर कितीही महागाचा घ्या, घोटाभर कोमट पाण्यात बसावं लागेल.

८० ते १०० लिटरचा उभा गीझर घ्या. १०० लिटरचा गीझर भरल्यावर सव्वाशे किलोच्या पुढे जातो, ४ इंची ब्लॉकच्या भिंतीला साध्या फास्टनरवर टांगू नका. गॅस गीझरचा विचार असेल तर तो फक्त उघड्या ड्राय बाल्कनीत, बाथरूममध्ये कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. शिवाय इतक्या कमी प्रेशरला काही गॅस गीझर पेटतच नाहीत.

नवी_फरशी
बादली भरायला २ मिनिटं ५ सेकंद लागली. म्हणजे मिनिटाला ७ लिटरच्या जरा वर. गीझर बदलतो. प्रेशर पंप बसवला तर? प्लंबर म्हणतो, गार लाइनवर टाकू, स्वस्तात होईल.

ओळंबा
नको! गार लाइनला दीड बार आणि गरमला ०.३५ बार असेल तर मिक्सरमधून गार पाणी उलटं गरम लाइनमध्ये घुसतं. मग तोटीला कधी गार, कधी चटका. पंप लावायचाच तर टाकीकडून येणाऱ्या लाइनवर, गार आणि गीझर अशा दोन फांद्या फुटायच्या आधी. गीझरच्या इनलेटला एनआरव्ही (पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवाच. गीझरवर छापलेलं कमाल प्रेशर वाचा, पंपाचं त्याच्या आत राहिलं पाहिजे. उतरती लाइन सगळ्यांची मिळून एकच असेल तर सोसायटीची परवानगी घ्या.

पंप नको असेल तर दोन गोष्टी करा. टबपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप) न्या, फक्त शेवटचा तुकडा अर्धा इंची. आणि "हाय-फ्लो" लिहिलेला कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत बसणारा, गरम-गार मिसळून पाणी स्पाउटकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) घ्या. थर्मोस्टॅटिक मिक्सर (पाण्याचं तापमान आपोआप कायम ठेवणारा) मोहात पाडतो, पण पत्रकात किमान प्रेशर किती लिहिलंय ते बघून.

चुनाविटा
आता तीन पर्यायांकडे.

उभा फिलर हा भिंतीपासून सुटा, मधोमध ठेवलेल्या टबसाठी असतो. तुमच्याकडे तो टबच्या उघड्या बाजूला, म्हणजे चालायच्या वाटेत येईल. त्याचा पाया ब्रिकबॅट कोब्याखालच्या (विटांच्या तुकड्यांच्या थराखालच्या) स्लॅबला बोल्ट करावा लागतो, नाहीतर तीन फुटी दांडा डुलतो. प्रत्येक बोल्ट म्हणजे वॉटरप्रूफिंगला एक भोक आणि खालच्या शेजाऱ्यांच्या सिलिंगवर ओल. दिसतो देखणा, हे मान्य.

ओव्हरफ्लो फिलर तुमच्यासाठी बाद. त्याचं तोंड आंघोळीच्या पाण्याच्या पातळीलाच असतं, मध्ये हवेचं अंतर नाही. तुम्ही शेवटच्या मजल्यावर. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद असताना खालच्यांनी नळ सोडला की लाइन वरून पाणी ओढते, म्हणजे तुमच्या टबमधलं साबणाचं पाणी त्यांच्या घागरीत. व्हॅक्यूम ब्रेकर (हवा आत घेऊन हे ओढणं तोडणारा व्हॉल्व्ह) बसवता येतो, पण त्यालाही जागा, देखभाल आणि प्रेशर लागतं. टबात लोंबकळणाऱ्या हँड शॉवरलाही हेच लागू, त्याच्या होजला एनआरव्ही लावा.

राहिला भिंतीतला स्पाउट. तोच घ्या. तोंड टबच्या काठापासून किमान २५ मिमी वर हवं. १०० ते १५० मिमी ठेवलं तर बादलीही तिरकी करून भरता येते. टबचा काठ ५०-६० मिमी रुंद असतो, म्हणून तयार टाइलपासून स्पाउटची लांबी १६०-१७० मिमी तरी असावी. आखूड असेल तर धार काठावर पडते आणि सिलिकॉनचा सांधा काळा होतो. धबधबा स्पाउट टाळा. कमी प्रेशरला धार पुढे न जाता ओठावरून खाली गळते, आणि बोअर किंवा टँकरच्या क्षाराने फट बुजते. साधं गोल तोंड, जाळीशिवाय.

नळदमयंती
मूठ स्पाउटच्या डोक्यावर बसवू नका. ती बाहेरच्या काठाकडे सरकवा, म्हणजे टबावर वाकून अंगावर गार पाणी न घेता चालू करता येते. हे फुकट आहे, तरी दहातल्या नऊ बाथरूममध्ये चुकतं. स्वस्तात भागवायचं तर उघडा थ्री-इन-वन वॉल मिक्सरही (भिंतीबाहेर बसणारा, तोटी आणि शॉवर दोन्ही चालवणारा) चालेल. दोन पॉइंटमध्ये १५० मिमी अंतर, आणि बिघडला तर टाइल फोडावी लागत नाही.

नवी_फरशी
मग ठरलं असं: ८० लिटरचा गीझर, पाऊण इंची लाइन, हाय-फ्लो डायव्हर्टर, १७० मिमीचा स्पाउट, पंप सध्या नाही. टबच्या काठाची उंची ५६० मिमी, म्हणून स्पाउटचं तोंड जमिनीपासून ६८० वर. सोमवारी चॅनेल मारणार.

ओळंबा
६८० हे कुठल्या जमिनीपासून? कोब्यापासून की टाइलपासून? टाइल आणि मसाला मिळून ४०-५० मिमी चढतात. भिंतीवर तयार टाइलची रेघ आधी मारून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेवरून. डायव्हर्टरच्या टोपीवर कमाल-किमान खुणा असतात, तयार टाइल त्यांच्या मध्येच आली पाहिजे. खोल गेला तर मूठ बसत नाही. स्पाउटच्या पॉइंटला पितळी आट्यांचाच एल्बो, नुसत्या प्लॅस्टिकचा आवळताना तडकतो. चॅनेल बुजवायच्या आधी गीझर सोडवून हातपंपाने ५-६ किलो प्रेशर द्या, तासभर काटा हलायला नको. आणि टबच्या पुढच्या भिंतीत, ट्रॅपसमोर (टबखालच्या सांडपाण्याच्या वळणापाशी), एक टाइल सुटी ठेवा.