गीझर लावला की आरसीसीबी पडते, मेकॅनिक म्हणतो डायरेक्ट करून देतो

बेसा_लेआउट:
नमस्कार मंडळी, पंधरा लिटरचा गीझर आहे, दोन हजार वॅटचा, वॉरंटी केव्हाचीच संपली. आता थंडी पडली (अधिवेशन नागपुरात म्हणजे थंडी पडणारच) आणि याचं नाटक सुरू झालं. बटण दाबलं की लाल लाइट लागते, पाणी कोमट होते न होते तोच बोर्डातली आरसीसीबी (करंट कुठं गळला की लाइन तोडणारं स्विच) पडते आणि अख्खं घर अंधारात. उचलली की थोड्या वेळानं परत तेच. गीझर बंद ठेवला तर फ्रिज, मोटर सगळं बरोबर चालून राहिलं. मेकॅनिक आला, झाकण न काढताच म्हणे आरसीसीबी कमजोर झाली, गीझरची लाइन तिच्या बाहेरून डायरेक्ट देतो, नाहीतर नवीन घ्या. आई म्हणते देऊन टाक डायरेक्ट, सकाळच्या आंघोळी खोळंबून राहिल्या. काय करू? पाणी बोअरचं आहे, नळ आमच्या लेआउटमध्ये अजून आला नाही.

तर्री_जास्त:
थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याएवढं तापलं की करंट तोडणारा) गेला असेल भाऊ, सीताबर्डीवर कुठंही भेटते, बदलून टाक.

फेज_न्यूट्रल:
थर्मोस्टॅट काहून जाईल बे, तो गेला असता तर पाणी एकतर गरमच झालं नसतं नाहीतर उकळायला लागून कटआउट (जास्त तापलं की लाइन तोडणारा) उडाला असता, त्यानं आरसीसीबी पडत नाही. आरसीसीबी एकाच गोष्टीला पडते, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही तर. घरातली ३० मिलिअँपिअरची असते, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्या वाटेनं, बहुतेक टाकीच्या पत्र्यातून अर्थिंगला चालला आहे. तो मेकॅनिक जे डायरेक्ट म्हणून राहिला ना, त्यात ही गळती तशीच राहणार, फक्त सांगणारं कोणी राहणार नाही. उद्या अर्थिंगची वायर सुटली तर ती वाट ओल्या अंगातून जाईल. त्याला परत बोलावू नको.

माझा संशय सरळ कॉइलवर आहे. बोअरच्या पाण्यानं कॉइलवर क्षाराची खपली चढते, खपलीखाली उष्णता अडकते, कॉइलची नळी जास्त तापून बारीक चीर पडते आणि पाणी आतल्या इन्सुलेशनच्या पांढऱ्या पावडरीत शिरते. थंड असताना चालते, तापली की गळती वाढते, म्हणूनच तुझी लगेच न पडता कोमट झाल्यावर पडून राहिली.

चेक असं कर. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लग काढ, कारण बटण फक्त फेज तोडते. झाकण काढून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडव. दोन पिनांमध्ये मल्टीमीटर २६ ओहमच्या आसपास दाखवेल, त्यावरून कॉइल तुटली नाही एवढंच कळते. खरी गोष्ट पिन आणि टाकीच्या मधली, तिथं काहीच दाखवायला नको. मल्टीमीटरनं साफ दिसली तरी भरवसा ठेवू नको, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) असतो, ५०० व्होल्टवर पाहायला सांग. टेस्टर लावून ठरवू नको, हात जोडतो.

इतवारी_काका:
वरचं बरोबर आहे. कॉइल बदलताना फ्लँजचं (कॉइल टाकीला जिथं नटांनी बसते ती चकती) रबर नवीनच घ्या, जुनं परत बसवलं की पाझरते. नट एकाच बाजूनं कसू नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. आणि मॅग्नेशियमची दांडी पाहून घ्या, टाकीला गंज लागू नये म्हणून ती स्वतः झिजते, लोक तिला कचरा समजून काढूनच टाकतात. काम झालं की गरमच्या नळातून सलग धार येईपर्यंत करंट द्यायचा नाही, कोरडी कॉइल लगेच जळते.

बेसा_लेआउट:
काका, फेजभाऊ, कॉइलच निघाली! दुसऱ्या इलेक्ट्रिशियननं मेगर लावला तर काटा सरळ खाली. बाहेर काढली तर नळी दिसतच नव्हती, पिवळट पांढरी खपली, बोटानं टोकरली तर पापुद्रे पडून राहिले आणि वाकते तिथं काळा डाग, त्यातच चीर. टाकीच्या तळातून ओंजळभर चुरा निघाला. दांडीची नुसती तार उरली होती, तीपण नवीन टाकली. आरसीसीबी एकदाही पडली नाही, आईनं आज दोन बादल्या घेतल्या. फक्त खाली थंड पाण्याच्या पाइपवर जो व्हॉल्व्ह आहे तो गीझर चालू असताना थेंब थेंब गळते, तो पण गेला का?

इतवारी_काका:
नाही, पाणी तापलं की फुगते, तेवढं तो बाहेर सोडते. त्याचं तोंड बंद करू नका, बारीक नळी लावून मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही सारखा गळत राहिला तरच बदला.

फेज_न्यूट्रल:
आणि तापमानाचा नॉब पंचावन्न अंशाच्या वर ठेवू नको, पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त बसते. बोअर आहे तर दरवर्षी दिवाळीच्या आसपास एकदा खोलून साफ करून घेत जा.

तर्री_जास्त:
माझा थर्मोस्टॅटच गेला होता पण.