शस्त्रक्रियेनंतरची परिचर्या: विद्यार्थिनींना निरीक्षणाचा अर्थ लावायला कसे शिकवावे?

प्रश्न

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शल्य परिचर्या शिकवते. आमच्या मुली स्किल लॅबमध्ये ड्रेसिंगचा ट्रे बिनचूक मांडतात, निर्जंतुक हातमोजे व्यवस्थित घालतात आणि तोंडी परीक्षेत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती घडाघडा सांगतात. मात्र वॉर्डात, नुकत्याच ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) आलेल्या रुग्णाजवळ उभे केले की त्या चार्टवर आकडे भरून पुढच्या खाटेकडे वळतात. नाडी 84 वरून 112 वर गेल्याची नोंद त्यांनीच केलेली असते. ती का वाढली असावी, हा प्रश्न मात्र त्यांना पडत नाही. व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि केस प्रेझेंटेशन या तिन्ही पद्धती मी वापरते. मोठ्या तुकडीतही राबवता येईल अशी आणखी कोणती पद्धत आपण वापरली आहे का?

प्रतिसाद 1

मॅडम, केस प्रेझेंटेशनची अडचण अशी की त्यात निदान, उपचार आणि शेवट हे सगळे विद्यार्थिनीला आधीच ठाऊक असते, त्यामुळे तिला ठरवावे लागते असे काही उरतच नाही. त्याऐवजी केस तुकड्यातुकड्याने उलगडावी. पहिल्या चिठ्ठीवर फक्त हँडओव्हरमध्ये मिळते तेवढीच माहिती द्यावी: वय, पोटाची कोणती शस्त्रक्रिया झाली, भूल कोणती दिली, ड्रेन (आत साचणारे रक्त वा द्रव बाहेर काढणारी नळी) कुठे आहे. दुसऱ्या चिठ्ठीवर पंधरा मिनिटांनंतरची नाडी, रक्तदाब आणि श्वसन. प्रत्येक चिठ्ठीनंतर, आता काय पाहाल आणि का, हे प्रत्येकीने आधी लिहायचे आणि मगच बोलायचे. नाहीतर नेहमीच्या दोघी-तिघीच उत्तरे देतात आणि बाकीच्या माना डोलावतात.

तिसऱ्या चिठ्ठीवर मी असे देतो: नाडी 112, रक्तदाब 114/80, रुग्ण अस्वस्थ आहे, तहान लागल्याचे सांगतो, ड्रेसिंग कोरडे, ड्रेन रिकामा. बहुतेक जणी रक्तस्राव नाही असे लिहितात, आणि खरे शिकवणे तिथून सुरू होते. पोटावरच्या जखमेतले रक्त बाजूने ओघळून पाठीखाली साचते, म्हणून कमरेखाली हात घालून चादर पाहावी लागते. ड्रेनमध्ये गुठळी अडकलेली असू शकते, आणि पोटाच्या आत होणारा रक्तस्राव ड्रेसिंगवर दिसेलच असे नाही. निरोगी प्रौढाचा रक्तदाब शरीरातले सुमारे 30 टक्के रक्त जाईपर्यंतही टिकून राहू शकतो. नाडी मात्र त्याआधीच वाढू लागते. लघवीचे प्रमाण तासाला दर किलो वजनामागे 0.5 मिलिलिटरच्या खाली गेले आहे का, हे कोणी विचारलेच तर ती माहिती चौथ्या चिठ्ठीवर असते. न विचारल्यास ती चिठ्ठी मी देत नाही.

प्रतिसाद 2

वरील पद्धत उत्तम आहे, परंतु कौशल्य हातात बसण्याआधीच निर्णयशक्तीवर भर देणे मला पटत नाही. जिचे सगळे लक्ष हातमोज्याच्या कडेवर खिळलेले आहे, तिला रुग्णाचा चेहरा दिसणारच नाही. कौशल्य शिकवण्यासाठी पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते: शिक्षिका आधी न बोलता नेहमीच्या वेगाने कृती करते, मग समजावत करते, मग विद्यार्थिनी सांगते तसे करते, आणि शेवटी विद्यार्थिनी स्वतः करते. वेळ नाही म्हणून गाळली जाते ती नेमकी तिसरी पायरी, आणि विद्यार्थिनीच्या विचारातली गफलत तिथेच उघडी पडते. टाक्यांच्या ड्रेसिंगच्या वेळी ती नुसतेच “आता जखम पुसा” म्हणाली, तर मी फोर्सेप हातात धरून थांबते. छेदापासून बाहेरच्या दिशेने आणि प्रत्येक वेळी नवा स्वॅब, हे तिने सांगेपर्यंत माझा हात हलत नाही.

प्रतिसाद 3

मी ओटीत काम करते आणि विद्यार्थिनींची पोस्टिंगही पाहते. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सुरक्षित शस्त्रक्रियेची चेकलिस्ट, तिच्यातल्या 19 बाबी आणि तीन टप्पे सगळ्यांना पाठ असतात. परंतु “सर, एक मॉप कमी आहे, कृपया थांबा” हे वाक्य मोठ्याने उच्चारण्याचा सराव कोणीच दिलेला नसतो. (मॉप म्हणजे रक्त टिपायचे कापड; ते शरीरात राहू नये म्हणून टाके घालण्याआधी मोजतात.) आम्ही भूमिकापालन घेतो. एक शिक्षिका घाईतल्या सर्जनची भूमिका करते, टाके घालायला घेते, आणि एक मॉप आम्ही मुद्दाम लपवलेला असतो. काही जणी पुन्हा मोजतात, पण बोलत नाहीत. नंतरच्या चर्चेला प्रसंगाहून अधिक वेळ द्यावा, आणि “काय चुकले?” याऐवजी “त्या क्षणी तुला काय दिसले, आणि तू काय ठरवलेस?” असे विचारावे.

मूळ प्रश्नाबाबतही हेच म्हणेन: नाडी 112 झाल्याचे डॉक्टरांना फोनवर कळवण्याचा सराव घ्यावा. परिस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि अपेक्षा या क्रमाने बोलायला लावले की तिसऱ्या मुद्द्याला विद्यार्थिनीला अंदाज बांधावाच लागतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

चिठ्ठ्यांची पद्धत आणि फोनचा सराव पुढच्या पोस्टिंगपासूनच सुरू करते. मात्र आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत गुण फक्त पायऱ्यांना असतात, त्यामुळे मुली हे कितपत मनावर घेतील, अशी शंका वाटते.

प्रतिसाद 1

शंका रास्त आहे. ज्याला गुण, त्याचाच अभ्यास होतो. निदान अंतर्गत परीक्षेत ऑस्कीचे (वेगवेगळ्या स्टेशनांवर एकेक काम करवून घेणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेचे) एक स्टेशन मॅनिकिनशिवाय (सरावाच्या पुतळ्याशिवाय) ठेवून पाहावे: टेबलावर चार तासांचा चार्ट आणि एक फोन. कोणता आकडा खटकला, तो का खटकला आणि फोनवर नेमके काय मागितले, या तिन्हींना स्वतंत्र गुण द्यावेत.