मदत हवी आहे: बैलगाडा शर्यतीच्या परवानगीवर टांगा शर्यत घेतली तर कोणती कलमं लागतात?

यात्रा_कमिटी
नमस्कार मंडळी. यात्रेतल्या छकड्यांच्या शर्यतीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला आहे. त्याच दिवशी डांबरी रस्त्यावर चार किलोमीटर टांगा शर्यत आणि घोडा-बैल अशी जोडी पळवायची मागणी आहे. एकाच परवानगीत सगळं भागतं का? नसेल तर गुन्हा कोणावर आणि शिक्षा किती?

काळा_कोट
भागत नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातली २०१७ ची महाराष्ट्राची दुरुस्ती फक्त बैलांसाठी आहे. व्याख्येत बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट ही नावं आहेत, घोडा नाही. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने वैध ठरवली ती हीच दुरुस्ती.

बैलांच्या शर्यतीत अटी मोडल्या तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. अंतर १,००० मीटरच्या आत हवं, म्हणजे तुमचे चार किलोमीटर बैलालाही चालणार नाहीत. घोडा-बैल जोडी तर दोन्हीकडून अडकते: बैल असल्याने अटी लागू आणि घोडा असल्याने परवानगीबाहेर. १९१२ च्या रेसकोर्स कायद्याचा आधार काहीजण सांगतात, पण तो परवाना मैदानाला मिळतो, गावच्या रस्त्याला नाही.

धुरळा
पण घोड्यासाठी प्राणी क्लेश कायद्याच्या कलम ११ चा (जनावराशी क्रूर वागणं) दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपये आहे ना? तेवढा तर कोणीही भरेल.

काळा_कोट
आकडा बरोबर. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण केस एकट्या कलम ११ वर क्वचितच थांबते. तहसीलदार किंवा प्रांतांचा मनाई आदेश असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि त्यातून माणसाच्या जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत किंवा ५,००० पर्यंत, किंवा दोन्ही. इथे एक बारकावा आहे. २२३ ची दखल कोर्ट संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं, त्यामुळे वकील पहिल्यांदा ती तक्रार शोधतो. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार हाकल्याबद्दल २८१. जनावर मेलं किंवा कायमचं अधू झालं आणि ते मुद्दाम किंवा जाणूनबुजून केलं असं ठरलं, तर ३२५, पाच वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने बघ्याचा जीव गेला तर १०६, तीही पाच वर्षांपर्यंत. पैजा लागल्या की जुगार प्रतिबंधक कायदा वेगळा.

नालबंद
दंडाची रक्कम बघून चालत नाही, खरा मार जप्तीचा बसतो. जप्त जनावरांच्या देखभालीचे केंद्राचे २०१७ चे वेगळे नियम आहेत, त्यांनुसार जनावर खटला चालू असताना पांजरपोळात किंवा गोशाळेत ठेवता येतं आणि खुराक-औषधाचा खर्च मालकाच्या अंगावर येऊ शकतो. खटला लांबला तर घोड्याच्या किमतीइतका खर्च सहज होतो.

जप्तीनंतर पशुवैद्यक तपासणी करतो. डांबरावर नाल घसरून गुडघे सोलतात, लगाम हिसकून ओठाची कड चिरते, चाबकाचे वळ मांडीवर उठतात. हे सगळं अहवालात येतं आणि ‘क्रूरता झालीच नाही’ हा बचाव तिथेच संपतो. सोबत पळणाऱ्या दुचाक्यांमुळे घोडा बिथरतो आणि गर्दीत घुसतो, बहुतेक अपघात असेच होतात.

यात्रा_कमिटी
मग नाव कोणाचं येईल? आमच्यात अध्यक्ष फक्त नावापुरते आहेत.

काळा_कोट
नावापुरतेच अध्यक्ष आधी सापडतात. अर्जावर सही, पत्रिकेवर नाव, बक्षीस जाहीर करणारा, जमीन किंवा रस्ता वापरू देणारा, आणि टांगेवाला. पोलीस याच क्रमाने विचारतात. पत्रिकेवर ‘टांगा शर्यत’ छापली असेल तर ‘ऐनवेळी लोकांनीच घोडे आणले’ हे कोणी ऐकून घेत नाही.

आजच पत्रिकेतून घोड्यांचा कार्यक्रम काढा, दुरुस्त पत्रिका ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि एक प्रत पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्या. बैलांच्या अर्जात ५०,००० ची अनामत, पशुवैद्यकाचे दाखले आणि चित्रीकरणाची सोय यांची कागदपत्रं जोडलेली आहेत का तेही तपासा. पुढे घोडी पळवायची प्रथा असेल तर ती अर्जात स्पष्ट लिहून लेखी उत्तर मागा, तोंडी होकारावर विसंबू नका.

धुरळा
आणि कोणी स्वतःहून टांगा घेऊन आलाच तर?

नालबंद
गाडी लावायला जागा द्या, झेंडा पाडू नका. माईकवरून नावही पुकारू नका, ते चित्रीकरणात जातं.