मशीनचं मॅन्युअल तीन भाषांत, २०० पानं: कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करावं?

उद्यमबाग: हायड्रॉलिक प्रेसचं मॅन्युअल करायचंय. मराठी, कन्नड, इंग्रजी. धोक्याचे इशारे तिन्ही भाषांत एकाच चौकटीत. ड्रॉइंग ९०. सध्याच्या फाइलीत मध्येच एक चित्र घातलं की पुढचे सगळे आकृती क्रमांक हातानं बदलावे लागतात. लिब्रेऑफिस (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) घ्यावं की लाटेक (मजकुरात आज्ञा लिहून त्यातून पीडीएफ बनवायची पद्धत) शिकावं?

निपाणीहून: दोन वर्षांनी दुरुस्ती कोण करणार, ते आधी ठरवा. ऑफिसातलं कुणीही करणार असेल तर लिब्रेऑफिस रायटर. आकृती क्रमांक टाइप करूच नका. चित्रावर राइट क्लिक, 'इन्सर्ट कॅप्शन'. मजकुरातलं 'आकृती १२ पाहा' हे 'क्रॉस-रेफरन्स'मधून घ्या. शेवटी टूल्स, अपडेट, अपडेट ऑल. शीर्षकाला हेडिंग स्टाइलच हवी, नुसतं बोल्ड केलेलं अनुक्रमणिकेत येत नाही.

आपल्या मराठी-कन्नड भागातली खरी अडचण पुढे आहे. रायटरच्या एका स्टाइलमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'चा एकच फॉन्ट बसतो, आणि देवनागरी, कन्नड दोन्ही त्यातच मोडतात. म्हणून दोन स्टाइल करा: 'मजकूर-मराठी'ला नोटो सेरिफ देवनागरी, 'मजकूर-कन्नड'ला नोटो सेरिफ कन्नड. एकीतच दोन्ही भागवलं तर कन्नड अक्षरं ज्या त्या कॉम्प्युटरवर मिळेल त्या फॉन्टमध्ये उमटतात आणि पानं सरकतात.

खानापूर रोड: लिहिणारा एकच असेल तर लाटेक. पण लाटेक चालवणाऱ्या प्रोग्रामांपैकी पीडीएफलाटेक नको, झीलाटेक घ्या. मराठीचा फॉन्ट देताना 'Script=Devanagari' लिहाच; नाहीतर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. क्रमांकांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर पुन्हा रन करा: पहिल्या फेरीत क्रमांक नोंदले जातात, दुसरीत छापले जातात.

उद्यमबाग: दुरुस्ती सर्व्हिसची मुलं करतील, म्हणजे रायटरच. जुना मजकूर मात्र श्रीलिपीत (मराठी) आणि जुन्या नुडीत (कन्नड) आहे.

निपाणीहून: तसाच पेस्ट केलात तर अगम्य अक्षरं दिसतील, कारण त्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या कोडवर आपले आकार बसवलेले असतात. आधी युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत) कन्व्हर्ट करा, मग रफार, 'ऱ्य' आणि कन्नडची ओत्ताक्षरं (खाली जोडली जाणारी जोडाक्षरं) डोळ्यांनी तपासा. दाबाचे आकडे मूळ प्रतीशी एकेक ताडून बघा. तिथं चूक झाली तर प्रेससमोर माणूस उभा असतो.

आणि ड्रॉइंगवर भागांची नावं नकोत. नुसते गोलातले क्रमांक द्या, नावं खालच्या तक्त्यात. मग एकच ड्रॉइंग तिन्ही भाषांना चालतं. जेपीजीऐवजी एसव्हीजी घाला, मोठं केलं तरी रेघा फाटत नाहीत.