घराजवळचा विस्मय: नेमकं काय, किती वेळ?

म्हापसेकर: आठवड्याला पंधरा मिनिटं विस्मय वाटेल असं काही बघत चाललं की मन प्रसन्न राहतं म्हणे. म्हापसा-पणजी ये-जा करणाऱ्याने रोज दूधसागर कुठून आणायचा? मिरामार किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघून तर काहीच वाटत नाही.

पायवाट: पंधरा मिनिटांचा तो प्रयोग संशोधक व्हर्जिनिया स्टर्म यांच्या गटाचा, 2020 मधला. साठीपुढची माणसं, 8 आठवडे. दोन्ही गट चालले, पण एकाला नव्या नजरेनं बघायला सांगितलं होतं. त्या गटाचा आनंद जास्त वाढला, आणि त्यांच्या सेल्फीत स्वतःचा आकार हळूहळू लहान होत गेला, बाकीचं दृश्य मोठं.

मानसशास्त्रज्ञ केल्टनर आणि हाइट यांनी 2003 मध्ये विस्मयाच्या दोन अटी मांडल्या: समोरचं आपल्याहून मोठं वाटावं आणि डोक्यातल्या चौकटीत बसू नये. मिरामारला दुसरी अट हुकते. काय दिसणार ते आधीच पाठ असतं, त्यात हातात मोबाईल.

भरती_ओहोटी: मग मानस बघा, म्हणजे बांधातलं पाणी अडवणारं-सोडणारं दार. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला जा, खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर मिळेल. मानशीची लाकडी दारं माणूस हलवत नाही. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा चढलं की दाबानं मिटतात, उतरलं की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. सगळं काम चंद्राच्या ओढीवर!

ऐन भरतीला गेलात तर नुसती बंद फळी दिसेल. ओहोटी संपता संपता पोचा आणि पाणी फिरेपर्यंत थांबा; पंधरा मिनिटांत भागणार नाही. दारं ओहोटीच्या वेळेला लगेच मिटत नाहीत, पाण्याची पातळी उलटावी लागते. पावसाळ्यात आत पाणी जास्त, म्हणून आणखी उशीर. तेव्हा बांध निसरडा असतो, नकोच. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच घटकेला तिथं वेगळंच चाललेलं असतं.

घुमटवाला: जागाच हवी असं नाही. केल्टनर यांच्या गटानं 26 देशांतून अनुभव गोळा केले, त्यात सर्वांत जास्त वेळा आलं ते दुसऱ्याचं धैर्य आणि चांगुलपणा. चतुर्थीला घुमट-आरतीत (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य) टाळ धरून उभे राहा, कोपऱ्यात बसून व्हिडिओ काढू नका. वादळी समुद्र बघायला मात्र जाऊ नका. भीती मिसळली की तो आनंद राहत नाही, शिवाय जीवाला धोका.

म्हापसेकर: ओहोटीची वेळ कुठली धरू?

भरती_ओहोटी: मुरगाव बंदराचं कोष्टक घ्या. मांडवीत आत पाणी त्यापेक्षा थोडं उशिरा फिरतं.